गरज न सांगणारं गिऱ्हाईक

हिम्मतराव बिरादारांच्या गळ्यात कुणी वाईट माल मारला, असं हैदराबादच्या बेगम बाजारात कधी ऐकिवात नव्हतं. मिरचीचं पोतं समोर आलं की ते हात कोपरापर्यंत आत खुपसून तळातली मूठ बाहेर काढायचे, एका मिरचीचा देठ मोडून नाकाशी धरायचे आणि समोरच्या व्यापाऱ्याकडे अशा नजरेनं बघायचे, की त्या बिचाऱ्याला स्वतःच्या मालाची लाज वाटावी. "गए साल का माल दिखरा जी ये," एवढंच बोलून ते उठायचे, चपला पायात सरकवायचे आणि रस्त्याला लागायचे. मागून हाक यायचीच. त्या हाकेनंतर खरा भाव सुरू व्हायचा. हे नाटक आहे हे दोन्हीकडच्या माणसांना ठाऊक असायचं आणि दोघंही ते मन लावून करायचे.

या नाटकाचा पहिला नियम असा, की वस्तू आपल्याला हवी आहे हे समोरच्याला कळू द्यायचं नाही. दुसरा नियम त्याहून कडक. ज्याला ती वस्तू खरोखर हवी आहे त्याला खरेदीला बरोबर न्यायचंच नाही, कारण त्याचं तोंड सगळं सांगून टाकतं. हा नियम हिम्मतरावांनी दुकानापुरता ठेवला असता तर कुणाचं काही म्हणणं नव्हतं, पण त्यांनी तो संसारालाही लावला. सुलतान बाजारात, कापडाच्या दुकानांच्या गराड्यात जन्म काढूनही भामाबाईंनी सणाची साडी कधी स्वतः निवडली नव्हती. "मला नुसतं घडी मोडायला बोलावतात," असं त्या गल्लीतल्या बायकांना सांगायच्या. हसत सांगायच्या, पण सांगायच्या.

हिम्मतराव मूळचे उदगीरकडचे. भावांत वाटून शेत हातरुमालाएवढं उरलं तेव्हा ते हैदराबादला आले, एका मारवाड्याच्या पेढीवर बसले आणि पुढं स्वतःचं मिरची, हळद, चिंचेचं ठोक दुकान थाटलं. बरी वर्षं आली आणि गेली. मग देशाची दारं उघडली असं पेपरात आलं, आणि त्या दारांतून रंगीत पाकिटं आत शिरली. वर हसणारी बाई, आत दळलेली मिरची. ती कुठली, कधीची, तिच्यात काय मिसळलंय, हे कुणी विचारीना. नव्या कॉलन्यांतली माणसं गार हवेच्या दुकानात ढकलगाडी फिरवत पाकिटं उचलायची आणि घरी जायची. पोत्यात हात घालून माल पारखणाऱ्या माणसाला विचारतो कोण? 'उदारीकरण' हा शब्द हिम्मतराव शिवी द्यावी तसा उच्चारायचे.

पण त्याच उदारीकरणानं त्यांच्या माधवीला नोकरी दिली होती, त्यामुळं अर्धी शिवी त्यांना गिळावी लागायची.

माधवी त्यांची एकुलती एक. माधापूरच्या एका कंपनीत ती परदेशी सिनेमांच्या चित्रांची साफसफाई करायची. म्हणजे पडद्यावर उडणाऱ्या माणसाच्या कमरेला बांधलेली दोरी कॉम्प्युटरवर पुसून टाकायची. "दोरी पुसायचा पगार देतात?" असं हिम्मतरावांनी पहिल्या महिन्यात विचारलं होतं. पगार बघितल्यावर पुन्हा विचारलं नाही. त्यांचं दुखणं वेगळंच होतं. ऑफिस सुटायचं संध्याकाळी आणि पोरगी घरी यायची ती सगळ्यांची जेवणं उरकल्यावर. हिम्मतराव गॅलरीत उभे राहून कोठीच्या चौकाकडून येणारी प्रत्येक ऑटो मोजून घ्यायचे, आणि ती आली की पेपर वाचत असल्यासारखे आत येऊन बसायचे.

"इतका वेळ काय करायलीस तिथं?" त्यांनी एकदा विचारलंच.

"खेळतो बाबा आम्ही."

"खेळतेस? लग्नाला आलेली घोडी, आणि खेळतेस?"

"कॉम्प्युटरवर. आमची टीम आहे पाच जणांची. मी कॅप्टन आहे."

"कसला खेळ?"

"बंदुकांचा," माधवी म्हणाली आणि आमटीत भाकरी कुस्करायला लागली.

भामाबाईंच्या हातातला आमटीचा डाव जागच्या जागी थांबला. माधवीनं मग दोघांना समजावून सांगितलं. ऑफिसातल्या मशीन जबरदस्त ताकदीच्या असतात, काम संपल्यावर कंपनी त्यांवर खेळू देते, खोटी माणसं, खोट्या बंदुका, कुणाला काही लागत नाही. हिम्मतरावांना त्यातलं एवढंच कळलं, की मशीन तिकडं आहे म्हणून पोरगी तिकडं आहे.

आणि त्याच आठवड्यात ती म्हणाली, "बाबा, त्रिवेणीनं माधापूरला खोली घेतलीय. ती पण आमच्याच ऑफिसात आहे. मी जाऊ का तिच्याबरोबर राहायला? रोज येण्याजाण्यात जीव जायलाय माझा."

हिम्मतरावांनी मनातल्या मनात पुढचा हिशेब मांडला. आज खोली, उद्या लग्न, परवा अमेरिका. गल्लीतल्या किती घरांतली पोरं अशीच गेली होती, आणि त्यांचे आईबाप आता फोनची वाट बघत भिंतीला टेकून बसायचे. त्यांना माधवी घरात हवी होती. तिच्याशी काही फार बोलायचं होतं असंही नाही, बोलायची त्यांना सवयच नव्हती. पण संध्याकाळी दुकान बंद करून यावं, पोरीनं शेजारी बसून जेवावं, ऑफिसातलं काहीबाही सांगावं, आपण 'हूं हूं' करावं, एवढं तिचं लग्न होईपर्यंत मिळावं असं त्यांना फार वाटायचं. हे त्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं. सांगणार कसं? हवंय म्हणून सांगितलं की भाव वाढतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माधवीला म्हणाले, "तो खेळ घरी का नाही खेळत तू?"

"घरी मशीन कुठंय, बाबा?"

"मग आणू की."

पोरगी अशी उसळली, की चहा सांडला. तिनं लगेच सगळं सांगायला सुरुवात केली. खेळाचे लॅपटॉप फार महाग असतात, पण आता थोडे परवडणारे यायला लागलेत. तिनं एक बघून ठेवलाय, काळा, चांगला जाडजूड, झाकणावर लाल रेघ. त्यात खेळाची चित्रं न अडखळता पळवणारं मोठं ग्राफिक्स कार्ड आहे, आणि तेच महत्त्वाचं. बाकी काही कमीजास्त झालं तरी चालेल, पण कार्ड पाहिजे. "पैसे माझे, मी साठवलेत. रविवारी दोघं जाऊन घेऊन येऊ."

"तू नक्को," हिम्मतराव म्हणाले.

"का?"

"तुझं तोंड बघितलं की दुकानदार दुप्पट लावील. मी आणतो."

माधवीनं आईकडे बघितलं. आईनं छताकडे बघितलं. त्या घरात या विषयावर वाद घालून आजवर कुणाचं भलं झालं नव्हतं.

खरेदीआधी बाजार समजून घ्यावा म्हणून हिम्मतराव वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूकडे गेले. आदित्य पुण्याचा, संगणकातला माणूस. त्यानं त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि बराच वेळ कसलेकसले आकडे ऐकवले. "हे बघा काका, प्रोसेसर, रॅम, बॅटरी, सगळ्याचा तौलनिक विचार करायला हवा. म्हणजे अमुकच घ्या असं नाही सांगता येणार. शेवटी ते तुमच्या गरजेवर अवलंबून आहे." एवढं ऐकून शेवटी हातात काय, तर गरज! हिम्मतराव पाणी न पिताच उठले.

मग ते एका मोठ्या मॉलमधल्या चकचकीत दुकानात गेले. टाय लावलेल्या पोरानं हसून विचारलं, "सर, आपका बजट क्या है?" हिम्मतरावांना वाटलं, हा वेडा आहे की काय. खिशात किती आहेत ते आधीच सांगितलं तर भाव कशाचा करायचा? त्यांनी उत्तर न देता एक लॅपटॉप उचलला, वजन बघितलं, पाठीवरून हात फिरवला, कडेला टिचकी मारली. काही कळेना. वास नाही, देठ नाही, तळ नाही. पोरानं खालच्या पट्टीवरचं इंग्रजी घडाघडा वाचून दाखवलं आणि पुन्हा विचारलं, "सर, आपकी रिक्वायरमेंट क्या है?" हिम्मतराव म्हणाले, "तुम भाव बोलो." पोरगा म्हणाला, "फिक्स्ड प्राइस है सर." हिम्मतरावांनी नेहमीप्रमाणे तोंड वाकडं केलं, माल खाली ठेवला, पाठ फिरवली आणि सावकाश दाराकडे निघाले. दार आलं. दार आपोआप उघडलं. मागून कुणी हाक मारली नाही. त्यांनी थोडं थांबूनही बघितलं, तर तो पोरगा दुसऱ्या गिऱ्हाइकाला त्याची गरज विचारत होता.

असे किती दिवस गेले आणि किती दुकानं झाली, त्याचा हिशेब भामाबाईंनाच ठाऊक. दुकानावरून यायचं, जिने चढायचे, उतरायचे, आणि घरी येऊन चिडचिड करायची. "मेल्यांना विकायचंय की चौकशी करायचीय? जो तो गरज विचारतो! उद्या तूर घेताना विचारतील, वरण करणार की आमटी?" इकडं माधवी रोज विचारायची, "बाबा, आणायचाय ना? त्रिवेणी खोलीचं विचारायलीय." आणि हिम्मतराव म्हणायचे, "आणतो म्हटलं ना! बाजार बघायलोय." आतून ते पार टेकीला आले होते. उभ्या आयुष्यात येत होती ती एकच गोष्ट, माल घेणं, आणि तीच जमेना.

शेवटी सिकंदराबादच्या पार्कलेनला, कॉम्प्युटरच्या बाजारात, एका अरुंद दुकानात त्यांना इम्तियाजभाई भेटला. स्टुलावर बसवून त्यानं आधी चहा मागवला, त्यामुळं हिम्मतरावांचा जीव भांड्यात पडला. इथं माणसं राहतात, असं त्यांना वाटलं. आणि समोरच्या फळीवर तो होता. काळा, जाडजूड, झाकणावर लाल रेघ. हिम्मतरावांनी चेहऱ्यावर सुरकुतीसुद्धा हलू दिली नाही.

"ये क्या है?" त्यांनी नाक मुरडून विचारलं.

"गेमिंग का है अंकल. बडा ग्राफिक्स कार्ड है इसमें. बच्चे लोगां लेते."

"इत्ता मोटा? बैल के वास्ते बनाए क्या?"

इम्तियाजभाई हसला. "हौ, भारी तो है. गरम भी होता. घर में कोई गेम खेलनेवाले हैं क्या?"

हाच तो क्षण. पण हिम्मतरावांच्या जिभेला इतक्या वर्षांचं वळण होतं. "नई नई. हमारे घर में कौन खेलता? ये सब फालतू शौकां. दिखाए तो देख लिए बस." एवढं बोलून ते चपला सरकवून उठले आणि हाकेची वाट बघत दाराशी गेले.

हाक आली! हिम्मतराव मनात म्हणाले, आता खेळ सुरू. ते वळले, तोवर इम्तियाजभाईनं तो लाल रेघेवाला फळीवर परत ठेवून दिला होता आणि दुसराच एक काढला होता. तोही काळा, त्याच कंपनीचा, तेवढ्याच पडद्याचा, पण अर्ध्या जाडीचा. "बैठो अंकल. सच्ची बोलतौं, आप खेलते नई तो बडे कार्ड कू पैसे कैकू डालना? ये लो. बाकी सब वैसाच है, खाली वो कार्ड नई इसमें. आपके काम का नई वो."

आता आली का पंचाईत! बेगम बाजारात असं कधी घडलं नसतं. तिथं मालाला नावं ठेवली की समोरच्याला कळतं, की याला हाच माल हवाय. या भल्या माणसानं तर शब्दावर विश्वासच ठेवला. हिम्मतराव घुटमळले. आता 'तोच दाखव' म्हणावं तर गरज उघडी पडते, शिवाय आपलीच थुंकी गिळल्यासारखं होतं. त्यांनी हातातला पातळ लॅपटॉप फिरवून बघितला. रंग तोच, कंपनी तीच. एका कार्डानं असा काय फरक पडणार? हळकुंडाचं एक टोक मोडलं म्हणून कुणी पोतं परत करत नाही. आणि मग एकदा भाव करायला बसल्यावर ते रंगातच आले. इम्तियाजभाई उतरला, थांबला, पुन्हा उतरला. "ऊपर से क्या देरे?" विचारल्यावर बॅग आली, माउस आला, छोटे स्पीकर आले. शेवटी त्यानं कानाला हात लावला तेव्हा हिम्मतरावांना किती महिन्यांनी आपण पुन्हा आपण असल्यासारखं वाटलं. ऑटोत ती बॅग मांडीवर घेऊन ते एखाद्या वरबापासारखे बसले होते.

भामाबाईंनी खोक्याला हळदकुंकू लावलं. माधवी त्या दिवशी लवकर आली होती. खोकं बघताच तिचा चेहरा किंचित उतरला. तिनं ऑफिसातून आणलेली तबकडी आत घातली, खेळ चढवला, सुरू केला. पडद्यावर एक शिपाई दिसला. तो एक पाऊल पुढं टाकायचा, मग गोठल्यासारखा उभा राहायचा, मग एकदम भिंतीत शिरलेला दिसायचा. माधवीनं काहीतरी बदललं, पुन्हा बदललं. मग शिपाई गेला आणि नुसताच काळा पडदा उरला.

"काय झालं?" हिम्मतराव म्हणाले.

"बाबा, तो लाल रेघेवाला नव्हता का?"

"होता. पण हा बघ ना, पातळ आहे, हलका आहे. आणि स्पीकर फुकट!"

माधवीनं झाकण मिटलं. "असू दे बाबा. चांगलाय. मेलबिल बघता येईल." आणि ती हात धुवायला गेली.

त्या 'असू दे'नं हिम्मतराव जागेवरच खचले. भांडणारं गिऱ्हाईक परत येतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. दुकानात येऊन पोतं आपटणारं, बापजाद्यांचा उद्धार करणारं गिऱ्हाईक पुढच्या महिन्यात पुन्हा दारात उभं असतं. 'असू दे' म्हणून गुपचूप जाणारं पुन्हा दिसत नाही. पोरगी भांडली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवसापासून ती पुन्हा उशिरा यायला लागली. तिसऱ्याच दिवशी त्रिवेणीच्या खोलीचा विषय निघाला, आणि भामाबाई आजवर जे कधी बोलल्या नव्हत्या ते बोलल्या. "तिनं तोंडानं सांगितलं होतं ना, कार्ड पाहिजे म्हणून? मग तुम्हाला स्पीकर कोणी मागितले होते? जन्मभर हेच. आमच्यासाठी आणता, पण आम्हाला विचारत नाही. मला तो हिरवा रंग कधीच आवडला नाही, तरी दर दिवाळीला हिरवीच साडी. का, तर भाव चांगला मिळाला!"

"मग आधी बोलायचं होतंस!"

"तुम्ही ऐकून घेता होय?"

हिम्मतरावांनी ताट सरकवलं. राग भामाबाईंवर होता, इम्तियाजवर होता, त्या न बोलावणाऱ्या मॉलवर होता, पण फिरून फिरून तो स्वतःवरच येऊन बसत होता. ज्या पोरीला घरात ठेवायला निघालो, तिला आपणच जिना दाखवला.

रविवारी ते माधवीला म्हणाले, "चल." कुठं ते सांगितलं नाही. लॅपटॉपची बॅग घेतली आणि दोघं पार्कलेनला गेली. इम्तियाजभाईनं ओळखलं, चहा मागवायला निघाला. हिम्मतराव उभेच राहिले.

"ये वापस लेना पडता भाई."

इम्तियाजभाईचा चेहरा पडला. "अंकल, खोल के चलाए. वापस कैसा लेऊं? आप भी दुकानवाले हैं बोले थे. आप लेते क्या?"

नव्हते घेत. एकदा तराजूतून उतरलेला माल हिम्मतरावांनी कधी परत घेतला नव्हता, आणि त्यावरून कितीजणांशी भांडले होते. दुकानात दुसरी गिऱ्हाइकं होती, ती बघत होती. हिम्मतरावांनी बॅग समोरच्या फळीवर ठेवली.

"उस दिन मैं झूठ बोला," ते म्हणाले. "मेरी बच्ची खेलती. उसके वास्तेच लेने आया था. वो मोटावालाच होना."

माधवी त्यांच्याकडे बघत राहिली. बाबा कुठल्याही दुकानात असं बोललेलं तिनं ऐकलं नव्हतं.

"तो पहले बोलना था ना अंकल!" इम्तियाजभाई कळवळून म्हणाला. "मैं पूछा भी था."

मग त्यानं जुना लॅपटॉप पडत्या भावात घ्यायचं कबूल केलं आणि माधवीला आत बोलावलं. माधवी आणि तो बोलायला लागले. ती भराभर काय काय विचारत होती, तो सांगत होता, एकदा तर तिनं त्याची चूक काढली आणि तो ओशाळला. हिम्मतराव स्टुलावर बसून ऐकत होते. त्यांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पोरीचा अभिमान वाटत होता आणि स्वतःची चीडही येत होती. लाल रेघेवाल्याचा भाव मात्र इम्तियाजभाईनं जरासुद्धा कमी केला नाही. करील कशाला? गरज सांगून बसले होते. निदान एवढं तरी आपण बरोबर होतो, असं म्हणून हिम्मतराव मनातल्या मनात चरफडले.

घरी इंटरनेटची तार आली. माधवीच्या पलंगाशेजारी टेबल आलं. आणि माधवी संध्याकाळी घरी यायला लागली. अगदी वेळेवर. त्रिवेणीला तिनं 'नाही' कळवून टाकलं. हिम्मतरावांना इतका आनंद झाला, की पहिल्या दिवशी ते दुकान लवकर बंद करून कोठीहून गरम जिलेबी घेऊन आले.

माधवी टेबलाशी बसली होती. डोक्यावर दोन्ही कान झाकणारा जाड हेडफोन, तोंडापुढं बोटाएवढा माइक. टीममधले बाकीचे चौघं आपापल्या घरी असेच बसले होते म्हणे. "लेफ्ट से आओ, लेफ्ट से! अरे पीछे देख ना यारो!" ती हुकूम सोडत होती. घरात मोठ्यानं न बोलणारी आपली पोरगी चार पोरांना धारेवर धरतेय, हे बघून हिम्मतराव चाट पडले. त्यांनी जिलेबीची ताटली तिच्याजवळ ठेवली. तिनं न बघता एक तुकडा उचलला. ते पलंगाच्या कडेवर बसले. आता संपेल, मग संपेल. भामाबाईंनी पानं घेतली. माधवीनं बोटांनी 'दोन मिनिटं' अशी खूण केली. दोघं जेवून उठली, आणि तिचं ताट झाकून ठेवावं लागलं.

दुसऱ्या दिवशी तसंच. पुढच्या आठवड्यात तसंच. हिम्मतराव खोलीच्या दारात येऊन उभे राहायचे, तिच्या पाठीकडे बघायचे, परत जायचे. पूर्वी गॅलरीत उभं राहिलं तर निदान ऑटो तरी यायची.

"आता काय झालं?" भामाबाई म्हणाल्या. "पोरगी घरात पाहिजे होती ना? आली की."

एका संध्याकाळी मात्र त्यांना राहवलं नाही. इम्तियाजच्या दुकानात परक्या माणसांसमोर सांगता आलं, तर घरात पोरीला का येऊ नये, असं त्यांच्या मनानं घेतलं. ते आत गेले, टेबलाच्या बाजूला जाऊन उभे राहिले आणि एका दमात बोलून मोकळे झाले.

"माधे, हे मी खेळायला नव्हतं गं आणलं. तू माझ्याजवळ बसावंस म्हणून आणलं. थोडा वेळ बोलत जा माझ्याशी. मला करमत नाही."

माधवीनं त्यांच्याकडे बघितलं. गोड हसली. हात मात्र चालूच होते, हेडफोन कानावरच होता. पलीकडून कुणीतरी काहीतरी विचारलं असावं, कारण ती माइकमध्ये म्हणाली, "कुछ नई रे. बाबा हैं. कुछ ढूंढ रहे."

हिम्मतरावांनी इकडंतिकडं बघितलं. खिडकीत त्यांचं चष्म्याचं घर होतं. ते त्यांनी उचललं, सापडलं अशी मान हलवली, आणि ते बाहेर आले.